दिव्याचा आकार आणि तेलाचा गुण

आषाढ अमावास्येस घरातील सर्व दिवे घासूनपुसून पाटावर मांडण्याचा व त्यांची पूजा करण्याचा प्रघात आहे. ह्या दिवसाची दुसरीच एक ओळख अलीकडे मुलांच्या कानी अधिक पडते, ही खेदाची गोष्ट होय. समई, निरांजन, लामणदिवा, ठाणवई ही नावे त्या निमित्ताने प्रत्यक्ष वस्तूंवरून शिकविता येतात. मात्र पाठ नावांपाशीच थांबू नये. समईची वाटी उथळ का आणि कंदिलाची टाकी खोल का, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गापुढे ठेवावा.

उत्तर तेलात आहे. देशावर करडईचे, कोकणात उंडीचे व खोबऱ्याचे, ठिकठिकाणी करंजाचे व एरंडीचे तेल दिव्यात जळत असे. ही तेले दाट असतात. कापसाच्या तंतूंमधील बारीक फटींतून तेल वर चढते, ह्यास केशाकर्षण म्हणतात. परंतु दाट तेल सावकाश चढते व दूरच्या ज्योतीस पुरेसे पोचत नाही. म्हणून वाटी उथळ, वात तेलात आडवी निजलेली आणि ज्योत काठाशी. तेल उतरले की दिवा मंदावतो, वातीस काजळी धरते, आणि कोणी तरी उठून तेल घालून वात पुढे सारावी लागते.

१८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक ह्याने जमिनीत छिद्र पाडून खनिज तेल काढले. पुढे ह्या तेलापासून केलेले रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून आपल्याकडे येऊ लागले. तेल संपले तरी डबा घरात राहिला, तो धान्यासाठी. रॉकेल पातळ असल्याने वातीतून भराभर व उंच चढते. त्यामुळे टाकी ज्योतीच्या खाली, खोल ठेवता आली. काचेमुळे खालून ताजी हवा ओढली जाऊन धूर कमी होतो. ही काचेची युक्ती मात्र रॉकेलाहून जुनी. स्वित्झर्लंडच्या आर्गांने ती १७८० नंतरच्या दशकात योजिली.

रॉकेलाचा हाच पातळपणा घातकही ठरला. बियांचे तेल सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याखेरीज त्याची वाफ पेट घेत नाही. रॉकेलास ४० अंशांच्या आसपासची उष्णताही पुरते. पणती कलंडली तर बहुधा विझते. बाटलीची चिमणी कलंडली म्हणजे घर पेटते. म्हणून प्रयोगासाठी रॉकेल वर्गात मुळीच आणू नये. पातळ द्रव म्हणून पाणी घ्यावे. एका वाटीत पाणी, दुसरीत एरंडेल घेऊन जुन्या सुती धोतराच्या सारख्या पट्ट्या वरून सोडाव्या आणि पाच मिनिटांनी द्रव किती चढला ते मोजपट्टीने मोजावे. कोऱ्या कापडास खळ असते. ते पाणी नीट ओढीत नाही, व प्रयोग फसतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या दिव्यांचा उत्तम संग्रह आहे. तथापि सहलीची वाट न पाहता मुलांनी आधी घरचा माळा पाहावा. पितळी समया वजनावर मोडीत जात आहेत. प्रत्येक मुलाने एका दिव्याची आकृती काढून त्यात कोणते तेल घालीत, हे आजीस विचारून लिहावे. दिव्याचे नाव ती सांगेल तसेच टिपावे. शिक्षकांनी त्यास पुस्तकी रूप देऊ नये.