तारेत ओवलेली कुपनं

परभणी

चि. बाळास,


फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या आजोबांच्या, आबांच्या वर्षश्राद्धाला चार शब्द तू बोलणार, याचा आनंद आहे. तू पाठवलेलं लिखाण दोनदा वाचलं. भाषा छान आहे, पण त्यातला माणूस मला ओळखू येईना. ‘जमालपूरचा वाघ, शत्रूचा कर्दनकाळ’ असं तू लिहिलंस. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांत ते खपूनही जाईल. आबा असते तर एवढंच म्हणाले असते, “उगं कामून फुगवूलालास रे?”

तेव्हा आधी खरं काय ते सांगते. आबा पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे गेली आणि टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. ९ तारखेला आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयीची चिठ्ठी एका माणसाच्या हाती आत पाठवली. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० च्या रात्री आतल्या पाकिस्तानी फौजेनं वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला आणि जमालपूर पडलं. पुढे टांगाइलजवळ पुंगलीच्या पुलावर, छत्रीनं उतरलेल्या २ पॅराच्या जवानांशी पलटणीची गाठ पडली.

यात आबा कुठे होते? सिग्नल प्लाटूनमध्ये. टेलिफोनच्या तारेचं रीळ घेऊन ते कंपनी-कंपनीपर्यंत तार टाकत जायचे. तार तुटली की अंधारात ती हातातून सरकवत सरकवत तुटलेलं टोक शोधायचं, दातांनी सोलायचं आणि जोडायचं. त्या रात्री स्वतः गोळी झाडायची वेळ आपल्यावर आलीच नाही, असं ते कुणी न विचारता सांगत. जे त्यांनी स्वतः कधी मिरवलं नाही, ते त्यांच्यामागे त्यांच्या अंगावर चढवू नकोस. डिस्चार्ज बुक माझ्याकडे आहे. तारखा त्यात पाहूनच घे.

आणि एक हिशेब कर. आबा पलटणीत होते १८ वर्षं. १९८१ ला पेन्शनीवर घरी आले, त्यानंतर ४३ वर्षं गावात राहिले. तुझ्या चार पानांत त्या ४३ वर्षांना दोन ओळी आल्यात.

गोळी गुंडाळलेल्या चिठ्ठीची गोष्ट पुस्तकांत आहे. आपल्या घरच्या चिठ्ठ्या माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. आबांची मनीऑर्डर दर महिन्याला यायची. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन-तीन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. तुझ्या आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि कुपन मी वाचायचे. वाचून झालं की आई ते घडी न करता तारेत ओवून ठेवायची, दुकानदार पावत्या ओवतो तसं.

१९७२ चा दुष्काळ तू ऐकून आहेस. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आम्ही दोघं भावंडं झाडाखाली. रेशनची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना काठ फुटायचे. त्या वर्षीचं एक कुपन आहे : “पैसे पावावेत. बैल विकावे लागले तरी विका. पोरीची शाळा बंद करू नये.” मी तिसरीत होते. पुढे ३१ वर्षं मी शाळेत शिकवलं, ते या ओळीच्या जोरावर.

चुका गाळू नकोस. तुझे बाबा दहावीला नापास झाले, तेव्हा आबांनी त्यांना चारचौघांत मारलं. पोर रागानं घर सोडून गेलं. आबा पूर्णा जंक्शनला जाऊन बसले. अकोल्याकडची, नांदेडकडची, परभणीकडची, सगळ्या गाड्या तिथं येतात, म्हणून. दोन रात्री फलाटावर काढल्या. तिसऱ्या दिवशी पोराला घेऊन आले, जेवायला बसवलं आणि स्वतः वाढलं. माफीचा शब्द काढला नाही. पण त्यानंतर घरात कुणावर त्यांचा हात उठला नाही. हे सांगण्याआधी बाबांना विचार. ते नको म्हणाले तर सोडून दे.

आईला अर्धांगवायू झाला तो काळ तुला आठवत असेल, पण तू लहान होतास. उजवा हात गेला, वेणी घालता येईना. सुना होत्या, मी होते. आबांनी ते काम कुणाला दिलं नाही. रोज सकाळी ओट्यावर तिच्यामागे बसायचे, गुंता खालून वर सोडवत यायचे, ओढ लागू नये म्हणून केस मुळाशी मुठीत धरायचे. वेणी वाकडी व्हायची आणि शेवटी फितीला पलटणीतली गाठ, जी संध्याकाळी आम्हाला सुटायची नाही. आई म्हणायची, “माझ्या शेंडीला तारच जोडलीय म्हाताऱ्यानं.” अशी सहा वर्षं.

आपल्याकडे माणूस गेला की फ्लेक्सवर त्याच्या मिशा वाढतात. तू तसं करू नकोस. वाघ कुणालाही म्हणता येतं. वेणीची ती गाठ फक्त आबांची होती, आणि ती पाहिलेली माणसं आता चार-पाचच उरलीत. तुझ्या बाबांना विचार, शेजारच्या काकूंना विचार, आणि जे ऐकशील ते त्याच दिवशी वहीत उतरव.

बोलायचं दहा मिनिटं. मानपदकांचं शेवटी एका वाक्यात सांग.

आदल्या दिवशीच ये. कुपनं काढून बसू. माझे डोळे आता साथ देत नाहीत, तेव्हा वाचायचं काम तुझं. तारेतून काढताना मात्र क्रम मोडू नकोस. सगळ्यात खालचं सगळ्यात जुनं आहे.

घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या