गाठ लपवू नका, वाट विचारा



दरवर्षी ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन पाळला जातो. दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा संत आगाथाचा सण साजरा करते. ही तरुणी तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरील कातानिया शहरात रक्तसाक्षी झाली. छळ करताना तिचे स्तन कापले गेले, असे परंपरा सांगते. म्हणूनच स्तनांचा आजार झालेल्या स्त्रिया तिला आपली आश्रयदाती मानतात. या दोन दिवसांचे निमित्त साधून, आपल्या घरांत ज्याविषयी कुजबुजत बोलले जाते त्या स्तनाच्या कर्करोगाविषयी आज उघडपणे बोलू या.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. एके दिवशी मिस्सा संपल्यावर एक मावशी दारात थांबल्या. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "फादर, छातीत गाठ आली आहे. दुखत नाही. घरात कोणाला सांगितले नाही. तुम्ही प्रार्थना करा." मी त्यांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणालो, "काळजी करू नका मावशी, सर्व ठीक होईल." त्या समाधानाने घरी गेल्या. "डॉक्टरांना दाखवले का?" एवढा एक प्रश्न मी विचारला नाही.

आठ महिन्यांनी त्यांच्या सुनेने मला घरी बोलावले. तोवर आजार काखेत आणि पुढे पसरला होता. उपचार झाले, पण मावशी दोन वर्षांनी गेल्या. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून मी एक ठरवले आहे. कोणी आजारासाठी प्रार्थना मागितली की प्रार्थना तर करायचीच, पण डॉक्टरांचे नाव विचारल्याशिवाय त्या माणसाला जाऊ द्यायचे नाही.

तीन प्रश्न

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताची ओळख झाली. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉससाठी बेपत्ता सैनिकांची माहिती शोधण्याचे काम करीत. टेबलावर कार्डे आणि आकडे असत, पण समोर बसलेली असे एखादी आई किंवा पत्नी. केवळ माहिती देऊन भागत नाही आणि माहितीवाचूनही चालत नाही, हे त्या टेबलाशी बसणाऱ्याला रोज जाणवत असणार.

कर्करोग झालेल्या स्त्रीच्या मनातही असेच वेगवेगळे प्रश्न असतात. मला नेमके काय झाले आहे? माझ्यासोबत कोण आहे? या आजारावर आणखी चांगला उपाय निघेल का? पहिला प्रश्न माहितीचा, दुसरा आधाराचा आणि तिसरा संशोधनाचा. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच दारात मिळत नाहीत. कुठला प्रश्न घेऊन कुठे जायचे, हे कळले तर निम्मी धावपळ वाचते.

माहिती: मला काय झाले आहे?

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. क्वचित पुरुषांनाही तो होतो.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव येणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे, आकारात अचानक फरक पडणे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे आपण किंवा शेजारीण ठरवू शकत नाही. "दुखत नाही म्हणजे काही नाही" हा समज तर फार घातक आहे. गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो, ही भीतीही निराधार आहे. बायोप्सीवाचून निदान पक्के होत नाही.

निदान झाल्यावर पहिली माहिती आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. घाबरलेल्या माणसाला खोलीतून बाहेर पडताच काही आठवत नाही, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. आजार कुठल्या टप्प्यात आहे? इ.आर., पी.आर. आणि हर-टू या तपासण्यांत काय आले? आधी शस्त्रक्रिया की आधी केमो? स्तन वाचवता येईल का? एकूण खर्च किती? सोबत घरातील एका शांत व्यक्तीला न्यावे आणि तिने उत्तरे टिपून घ्यावीत.

आपल्यापासून जवळचे मोठे केंद्र म्हणजे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. ते १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याचे नाव डॉ. ई. बोर्जिस मार्ग. डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे मूळचे गोव्याचे, या रुग्णालयाचे नामवंत शल्यविशारद. तिथली गर्दी पाहून पुष्कळ जण बिचकतात. पण देशभरातील कर्करोग रुग्णालये २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यात एकत्र आली आहेत. एकसारख्या दर्जाचे उपचार सगळीकडे मिळावेत, हा त्यामागचा हेतू. म्हणून परळला नंबर लागायला वेळ असेल, तर जवळच्या कुठल्या केंद्रात उपचार घेता येतील हे अवश्य विचारावे.

आधार: माझ्यासोबत कोण आहे?

आधार पहिल्यांदा घरात हवा. स्तन गमावलेल्या स्त्रीला पतीच्या नजरेची भीती वाटते, केस गळाल्यावर मिस्साला यायची लाज वाटते. ही भीती डॉक्टरांच्या औषधाने जात नाही. याच वाटेवरून गेलेली दुसरी स्त्री समोर बसली की ती कमी होते. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर या स्त्रीने, स्वतःची शस्त्रक्रिया झाल्यावर, इतर रुग्ण स्त्रियांना भेटायला सुरुवात केली. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' ही चळवळ उभी राहिली आणि अनेक देशांत पसरली. "मीही यातून गेले आहे" या एका वाक्यावर ती चालते.

मुंबईत असे काम करणाऱ्या संस्था आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून तपासणी, जनजागृती, गरजूंना मदत आणि बऱ्या झालेल्यांचे गट या क्षेत्रांत आहे. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून औषधे, समुपदेशन आणि पुनर्वसन पाहते. व्ही केअर फाउंडेशन ही संस्था तर स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या एका स्त्रीने सुरू केली. निटेड नॉकर्स इंडियाच्या स्वयंसेविका, शस्त्रक्रियेनंतर पोलक्याच्या आत ठेवता येईल असा विणलेला हलका स्तन मोफत देतात.

राहण्याची अडचण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस स्मारक निवासगृह यांची चौकशी करावी. आणि जिथे उपचार थांबतात तिथेही सेवा थांबत नाही. वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू केले. देशातील ही पहिली हॉस्पिस. तिथे सिस्टर्स अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची मोफत सेवा करतात, वेदना कमी करतात, हात धरून बसतात.

पैशांविषयी दोन शब्द. दागिने किंवा वाडी विकण्याचा विचार करण्यापूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, ते कागदपत्रे सांगतात. उपचार सुरू होण्यापूर्वीच त्यांना भेटावे, बिल झाल्यावर नव्हे. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव असलेल्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. केमो घेऊन गर्दीत उभ्याने घरी येणाऱ्या बहिणीला हे कोणीतरी सांगायला हवे.

संशोधन: उद्या काय?

संशोधन म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण या आजारावरील दोन मोलाची कामे आपल्या परळलाच झाली आहेत. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत. वीस वर्षांच्या या कामाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. महागडे यंत्र नव्हते, होता तो शिकवलेला हात आणि नियमितपणा.

दुसरे काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. ११ केंद्रांतील सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याचे एक साधे, स्वस्त औषध टोचले. पाच वर्षांनी त्यांच्यातील ९०.१ टक्के जिवंत होत्या. ज्यांना ते टोचले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ८६.४ टक्के होते. शंभरामागे तीन-चार माता अधिक वाचल्या.

अशा अभ्यासात भाग घेण्याविषयी डॉक्टर विचारतील तेव्हा "आमच्यावर प्रयोग करतात" म्हणून घाबरू नये आणि न वाचता सहीही करू नये. नैतिक समितीची मान्यता, आपल्या भाषेत लिहिलेली माहिती आणि केव्हाही बाहेर पडण्याची मोकळीक, हे रुग्णाचे हक्क आहेत. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळालेच पाहिजेत.

खरी संस्था कशी ओळखावी?

१. ती डॉक्टरांचे उपचार बंद करायला सांगत नाही.
२. हमखास बरे करण्याची हमी देत नाही.
३. आपले नाव, पत्ता आणि नोंदणी लपवत नाही, पैसे घेतल्यास पावती देते.
४. तुमच्या प्रश्नांना कंटाळत नाही.

यांतील एकही कसोटी चुकली तर तिथून उठावे. रुग्णालयाच्या फाटकाजवळ "लवकर नंबर लावून देतो" म्हणणाऱ्या दलालाला आणि मोबाइलवर फिरणाऱ्या जडीबुटीच्या संदेशांना हीच कसोटी लावावी.

गाठ लागली तर

त्याच आठवड्यात घरातील एका व्यक्तीला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. सर्व रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि त्यांच्या प्रती घरी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हायला हवे. दिवस मोजा. उपचार अर्धवट सोडू नका. एकटीने जाण्याची भीती वाटत असेल तर मला किंवा महिला मंडळाच्या भगिनींना सांगा. सोबत मिळेल आणि नाव कोणाला कळणार नाही.

वाडीच्या सभेत चर्चेसाठी

१. आपल्या घरातील स्त्रिया स्वतःचे दुखणे का लपवतात? त्यात पुरुषांचा वाटा किती?
२. आपल्या वाडीत या आजारातून बरी झालेली कोणी भगिनी आहे का? नव्या रुग्णाला भेटायला ती तयार होईल का?
३. परळची वाट माहीत असलेले आणि महिन्यातून एक दिवस देऊ शकणारे कोण आहेत?

तिसऱ्या प्रश्नाची नावे पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे द्यावीत. मावशींना मी विचारायला हवा होता तो प्रश्न आता तुमच्या स्वाधीन करतो. आज घरी गेल्यावर आपल्या आईला, पत्नीला, बहिणीला तो एकदा विचारा: "बरी आहेस ना? काही लपवत नाहीस ना?"

आपला,
धर्मगुरू