पीकसंरक्षणाची बंदूक : सफाई केव्हा व कशी?

पिकात शिरणाऱ्या रानडुकरांना पिटाळण्यासाठी कोकणातील अनेक शेतकरी ठासणीची बंदूक बाळगतात. पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये आहे. ती किती दिवसांनी साफ करावी, हे मात्र वापरावर व हवामानावर अवलंबून असते.

सोरा, कोळसा व गंधक यांची दारू जळल्यावर नळीत क्षारयुक्त काजळी उरते. ती हवेतील ओलावा शोषून घेते व नळीस गंज चढतो. म्हणून बार काढल्यास त्याच दिवशी सफाई व्हावी. एरवी महिन्यातून एकदा, तर पावसाळ्यात दर आठवड्यास नळी तपासणे हिताचे.

प्रथम केप काढावी. रिकाम्या नळीच्या खोलीची खूण असलेला गज आत घालून बंदूक भरलेली नाही, याची खात्री करावी. भरलेली आढळल्यास ती परवानाधारक कारागिराकडे सोपवावी. केवळ तेलाने क्षार निघत नाहीत. गरम पाण्याच्या चिंधीने नळी धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेलाचा पातळ हात द्यावा.

गंजाने झिजलेली अथवा चिंधी अडकलेली नळी पुढच्याच बाराला फुटू शकते. पिकाच्या रक्षणासाठी घेतलेली बंदूक रक्षणकर्त्याच्याच जिवावर बेतू नये, ही जाणीव पंचायत सदस्यांनी गावोगावी करून द्यावी.