सौर छत: ७८ हजारांचं अनुदान आणि कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

कोळशाच्या वीजकेंद्रांच्या चिमणीतला कार्बन पकडणं आपल्याकडे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. एनटीपीसीच्या ४,७६० मेगावॉटच्या विंध्याचल केंद्रात २०२२ पासून सोय झाली, ती दिवसाला २० टनांची. त्याची वाट पाहत थांबू नका. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात गच्ची तुमची असेल, तर सौर पॅनेल बसवून कोळशाची वीज आजच कमी घेता येते.

३ किलोवॉटच्या संचाला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. महिन्याला सरासरी ३०० ते ३६० युनिट मिळतात. पावसाळ्यात बरेच कमी. वर्षाला अडीच टनांच्या आसपास कार्बन वाचतो. सरकारी हिशेबाने खर्च १,४५,००० रुपये, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ७८,०००. अनुदान मात्र नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागल्यानंतर खात्यात येतं, म्हणून आधी पूर्ण रकमेची किंवा कर्जाची तयारी ठेवा.

अर्ज सूर्यघर पोर्टलवर. ताजं वीजबिल, आधार, बँक पासबुक आणि घरपट्टीची पावती जवळ ठेवा. बिल अजून वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर आधी नाव बदलून घ्या. सगळं अडतं ते इथेच. इमारतीची गच्ची सोसायटीची असते, वरच्या मजल्यावाल्याची नव्हे. ठराव लेखी घ्या. सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी अनुदान किलोवॉटला १८,००० आहे.

कोटेशनमध्ये हे पाहा: उंच स्ट्रक्चर, जादा केबल, अर्थिंग, वीजरोधक यांचे पैसे धरलेत का? पॅनेलवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, जुना दर लावलाय का? पॅनेलमधले सेल भारतीय बनावटीचे नसतील तर अनुदान नाही. विक्रेता पोर्टलवर नोंदलेला हवा, पाच वर्षांची देखभाल त्याने लिहून द्यायला हवी.

‘बिल शून्य’ यावर विश्वास ठेवू नका, स्थिर आकार राहतोच. लाइट गेली की बॅटरी नसलेला संचही बंद पडतो. इथल्या पावसाळ्यात हे आधी माहीत असलेलं बरं. कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील असं कोणी सांगितलं, तर ते हिशेबात धरू नका.

बदलापुरात उल्हास नदीलगत राहत असाल, तर इन्व्हर्टर २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. जागा कोटेशनवरच लिहून घ्या, नंतर हलवायचे पैसे वेगळे लागतात.