लहान माथा आणि थोर पर्वत

पर्वताचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बर्फाच्छादित शिखरें, दोर, कुऱ्हाडी आणि जिवावर उदार झालेले वीर उभे राहतात. प्रस्तुत लेखांत तसलें कांहीं नाहीं. दहा-बारा वर्षांचें मूलहि जो अर्ध्या तासांत चढून जाईल, अशा एका लहानशा माथ्याची ही हकीकत आहे. परंतु जगांतील सर्वांत उंच शिखराच्या नांवाशीं आणि पृथ्वीच्या पोटांतील एका मोठ्या गूढाशीं या माथ्याचा निकट संबंध आहे. म्हणून तो अभ्यासास घेतला आहे. वाचकांनीं हिंदुस्थानचा नकाशा शेजारीं उघडून ठेवावा.

उत्तराखंडांत डेहराडून शहराच्या उत्तरेस मसुरी हें गिरिस्थान आहे. तेथील लायब्ररी बाजारापासून पश्चिमेस सुमारें ६ किलोमीटर चाललें असतां हाथीपांव नांवाचा भाग लागतो. येथें डोंगराच्या धारेवर सर जॉर्ज एव्हरेस्ट यांचें जुनें घर आहे. १८३० सालीं ते हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल झाले आणि १८४३ सालीं निवृत्त होईपर्यंत दहाएक वर्षें हेंच त्यांचें मुख्य ठाणें होतें. घरामागून एक पायवाट माथ्याकडे जाते. ती एक किलोमीटरहून कमीच आहे; मात्र शेवटीं चढ उभा असून पायांखालीं सुटे दगड येतात. पावसाळ्यांत वाट निसरडी होते व धुक्यांत कांहींच दिसत नाहीं. म्हणून आश्विन-कार्तिकांतील स्वच्छ सकाळ उत्तम. गरम कपडा मात्र विसरूं नये. डेहराडून समुद्रसपाटीपासून सुमारें ६४० मीटर, तर हा डोंगर सुमारें २००० मीटर उंच आहे. दर हजार मीटरांस उष्णता सरासरी साडेसहा अंशांनीं उतरते. तेव्हां खालच्यापेक्षां वर सुमारें नऊ अंश थंडी अधिक, हें गणित घरीं बसूनहि करतां येतें.

माथ्यावर पोंचल्यावर प्रथम दक्षिणेकडे पाहावें. खालीं डून खोरें पसरलेलें असतें. त्याच्या डाव्या अंगास गंगा आणि उजव्या अंगास यमुना मैदानांत उतरते. खोऱ्यापलीकडे जी बुटकी रांग दिसते ती शिवालिक होय. हिमालयांतून नद्यांनीं वाहून आणलेले वाळू व गोटे यांचे थर साचून आणि पुढें उचलले जाऊन ती बनली. म्हणजे ती थोर पर्वताच्या झिजेंतूनच जन्मली. आपल्या पायांखालचा चुनखडक मात्र पन्नास कोटि वर्षांहून जुना असून तो एका काळीं समुद्राच्या तळाशीं होता. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोहोंतील अंतर कळेल. याच चुनखडकासाठीं मसुरीच्या उतारांवर पुष्कळ खाणी खोदल्या गेल्या. झाडें गेलीं, झरे आटूं लागले आणि गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९८५ सालापासून न्यायालयानें अनेक खाणी बंद करविल्या. डोंगर उभा राहण्यास कोट्यवधि वर्षें लागतात, त्यास जखम करण्यास एक पिढी पुरते.

आतां उत्तरेकडे वळावें. खालीं आगलाड नदीचें खोल खोरें, त्यापुढें डोंगरांच्या निळसर रांगा, आणि सर्वांमागें ६३१६ मीटर उंचीच्या बंदरपूंछादि शिखरांचें हिम. एव्हरेस्ट शिखर कोठें, असें येथें पुष्कळजण विचारतात. तें येथून दिसत नाहीं. तें पूर्वेस सुमारें ९०० किलोमीटर दूर आहे. मग या माथ्याशीं त्या नांवाचा संबंध काय?

१८०२ सालीं मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनीं एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन ठाऊक असले कीं उरलेल्या दोन बाजू गणितानें निघतात, हें तुम्ही शिकलांच आहां. मोजलेल्या रेषेवर एक त्रिकोण, त्याच्या बाजूवर दुसरा, असे त्रिकोणांमागून त्रिकोण रचीत ते उत्तरेकडे निघाले. वीस वर्षांनंतर हें काम आपल्या विदर्भांत येऊन पोंचलें आणि तेथेंच, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें, १८२३ च्या जानेवारींत लॅम्बटन वारले. त्यांची कबर तेथें आहे. त्यांचे साहाय्यक एव्हरेस्ट यांनीं काम पुढें चालविलें व कन्याकुमारीपासून मसुरीजवळच्या डोंगरांपर्यंतचा सुमारें २४०० किलोमीटरांचा कंस पुरा केला. १८३४-३५ सालीं डेहराडून येथें दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजण्यांत आली. हेतु हा कीं, गणितानें आलेली लांबी व मोजून आलेली लांबी ताडून पाहावी. आपलें उत्तर आपणच तपासण्याची ही शिस्त ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

या भक्कम पायावर पुढें हिमालयाचीं शिखरें मोजलीं गेलीं. नेपाळांत मोजणीदारांस प्रवेश नव्हता. म्हणून १८४९ च्या सुमारास दीडशें किलोमीटरांहून दूर, मैदानांतूनच कोन घेण्यांत आले. त्यांवरील किचकट गणिताच्या कामीं मुख्य गणक राधानाथ शिकदार यांचा मोठा वांटा होता. ‘शिखर १५’ हें सर्वांत उंच, २९,००२ फूट, असें १८५६ सालीं जाहीर झालें. २०२० सालीं नव्या साधनांनीं ठरलेली उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट आहे. शंभर मैलांवरून केलेल्या मापांत अवघी तीस फुटांची तफावत! १८६५ सालीं शिखरास एव्हरेस्ट यांचें नांव कायम झालें. येथील लोकांस तें नीट उच्चारतां येणार नाहीं, म्हणून स्वतः एव्हरेस्ट त्या नांवास अनुकूल नव्हते, हेंहि सांगितलें पाहिजे.

आतां त्या गूढाकडे येऊं. सिरोंजनजीकचें कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरनजीकचें कल्याणा, या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील अंतर एव्हरेस्ट यांनीं दोन रीतींनीं काढलें. एक रीत त्रिकोणांची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक पडला. जमिनीवर तो सुमारें १६० मीटर भरतो. एवढ्या विस्तीर्ण देशांत तेवढा फरक कोण विचारतो, असें आपणांस वाटेल. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे गणितीहि होते. त्यांनीं तो सोडला नाहीं. ताऱ्यांचा वेध घेतांना उभी दिशा ओळंब्यानें ठरवितात. हिमालयाचें प्रचंड वस्तुमान ओळंब्यास किंचित् आपल्याकडे ओढीत असलें पाहिजे, असें त्यांनीं ताडलें आणि ती ओढ किती हें मोजलें. उत्तर आलें १५.८८५ विकला! म्हणजे पर्वत जेवढा ओढावयास हवा, त्याच्या एकतृतीयांशच ओढीत होता.

पर्वत पोकळ आहे कीं काय? १८५५ सालीं इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं याचा उलगडा सुचविला. पाण्यांत तरंगणारा लाकडाचा ओंडका जेवढा वर दिसतो, त्याहून अधिक तो पाण्याखालीं असतो. त्याप्रमाणें पर्वताच्या हलक्या खडकाचें मूळ भूगर्भांतील अधिक जड द्रव्यांत खोल बुडालेलें आहे. वर पर्वताची भर पडते, पण खालीं जड द्रव्याच्या जागीं हलकें द्रव्य असल्यामुळें ओढ कमी भरते. पुढील काळांतील भूकंपलहरींच्या अभ्यासानें हिमालयाखालीं असें खोल मूळ असल्याचें सिद्ध झालें आहे. पांच विकलांचा फरक चूक म्हणून खोडून टाकला असता, तर ही विद्या तेव्हां हातीं आली नसती.

एक गोष्ट मात्र राहिली. आपण रिकाम्या हातांनीं सहज चढतों तो डोंगर त्या काळीं सर्वांस सोपा नव्हता. मोठा थिओडोलाइट सुमारें अर्ध्या टनाचा असे. तीं यंत्रें मजुरांच्या खांद्यांवरून चढत. निशाणें धरणारे, रानें तोडणारे व ओझीं वाहणारे कितीतरी लोक तापानें मेले. त्यांचीं नांवें कोणत्याहि शिखरास नाहींत. १८४३ सालीं डेहराडून येथें एका इंग्रज मॅजिस्ट्रेटानें मोजणी खात्याच्या माणसांकडून वेठीनें ओझीं वाहविलीं, तेव्हां शिकदारांनीं त्यास उघड विरोध केला. त्याबद्दल त्यांस दोनशें रुपये दंड झाला. शिखराच्या गणितापेक्षां हें कृत्य कमी उंचीचें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

पालकांस विनंति कीं, सुटींत मुलांस गांवाजवळच्या टेकडीवर अवश्य न्यावें, आणि चढण्यापूर्वीं तिची उंची त्यांजकडून मोजवून घ्यावी. कोनमापकास दोरा व खडा बांधला कीं यंत्र तयार झालें. सपाट जमिनीवर जेथून माथा ४५ अंशांवर दिसतो तेथें एक खूण करावी. मग माथ्याकडे तोंड ठेवून सरळ मागें सरावें व जेथून तो ३० अंशांवर दिसेल तेथें दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतरास १.३६६ नें गुणावें आणि आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची त्यांत मिळवावी. अंतर १०० मीटर असेल, तर टेकडी सुमारें १३८ मीटर भरेल. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या बाजूनें मोजावें. उत्तरें जुळलीं तर उत्तमच. न जुळलीं, तर रबर हातीं घेण्यापूर्वीं तीं कां जुळलीं नाहींत याचा शोध करावा.