किगालीला जाणाऱ्या भाचीस

जनकपुरी, नवी दिल्ली

चि. सोनू,

किगालीची नोकरी पक्की झाली, बरं वाटलं. तुझ्या आईला हवापाण्याची काळजी लागलीय, माझी काळजी निराळी आहे.

तिथे कुणालाही, अगदी मैत्री झाल्यावरही, ‘तुम्ही हुतू की तुत्सी?’ असं विचारू नकोस. आडनाव ऐकलं की ‘म्हणजे कुठले तुम्ही?’ ही आपली खोड घरीच ठेवून जा. रवांडात बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०च्या दशकात हा भेद ओळखपत्रावर छापला आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यांवर हुतू टोळ्यांनी तीच ओळखपत्रं तपासून तुत्सींना कापलं. शंभर दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसं गेली. आता ओळखपत्रावर तो रकाना नाही.

‘गाचाचा’ या गावपंचायतींनी २०१२ पर्यंत या हत्याकांडाचे दहा लाखांवर खटले निकाली काढले. शिक्षा भोगून कित्येकजण आपल्याच गावी परतले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘उमुगांडा’ला, म्हणजे श्रमदानाला, जरूर जा, पण शेजारी फावडं मारणारा तेव्हा कोणत्या बाजूला होता याचे अंदाज बांधू नकोस. आणि दोन महिन्यांत मला फोनवर ‘इथे सगळ्यांनी माफ केलंय’ असं सांगू नकोस. काहींनी केलंही असेल. काहींना दुसरीकडे जायला जागाच नसते.

७ एप्रिलपासून शोकसप्ताह असतो, तेव्हा गाणी-पार्ट्या नकोत. गिसोझीच्या स्मारकात अडीच लाखांवर लोक पुरले आहेत. तिथे ऑफिसच्या घोळक्याबरोबर जाऊ नकोस.

‘तुमच्याकडे असं कधी झालं का?’ असं कुणी विचारलं तर मात्र गांधींचं नाव पुढे करून सुटू नकोस. १९८४च्या नोव्हेंबरात याच दिल्लीत मतदारयाद्या घेऊन शिखांची घरं हुडकली गेली. मृतांचा सरकारी आकडा, फक्त दिल्लीचा, २,७३३. त्यांच्या बायकांना जिथे घरं मिळाली ते तिलक विहार माझ्या घरापासून जवळच आहे. लोक त्याला अजून ‘विधवा कॉलनी’च म्हणतात. रकाबगंज गुरुद्वाऱ्यात मृतांच्या नावांची भिंत उभी राहिली ती २०१७ मध्ये, तीही गुरुद्वारा समितीने बांधली, सरकारने नव्हे. त्या हत्यांसाठी तेव्हाचे काँग्रेस नेते सज्जन कुमार यांना जन्मठेप व्हायला २०१८ उजाडलं, आणि त्याच निकालात उच्च न्यायालयाला लिहावं लागलं की वंशसंहार हा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यात नाहीच.

विमान दिल्लीहून आहे ना? मग एक दिवस आधी ये. रकाबगंजला जाऊ, ती नावं वाच आणि मगच जा.

तुझा,
मामा