वाटेवरची वचने

प्रतीक्षेसाठी मराठी भाषेने जो शब्दप्रयोग योजिला आहे, तो मोठा अर्थपूर्ण आहे. कोणी यावयाचे असले, की मराठी माणूस त्याची ‘वाट पाहतो’. येणारा ज्या रस्त्याने यावयाचा, त्या रस्त्याकडे डोळे लावून बसणे, हा ह्या शब्दांचा मूळ अर्थ. पुढे हा प्रयोग जिभेवर इतका रुळला, की पावसाची, पत्राची आणि परीक्षेच्या निकालाचीही वाट पाहिली जाऊ लागली, व तीत कोठे रस्ता आहे ह्याचा सर्वांना विसर पडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रवासाला निघावयाचे असले, म्हणजे मात्र ह्या शब्दांना त्यांचा पहिला अर्थ परत मिळतो. मुले तेव्हा खरोखरच वाटेची वाट पाहत असतात.

परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुले परतली, की घराचे रूप पालटते. कऱ्हाडच्या एखाद्या घरातील भावंडांना चिपळूणजवळच्या आजोळी जावयाचे असले, तर अंतर तसे फार नाही. सकाळी निघालेली माणसे दुपारच्या जेवणाला पोहोचतात. परंतु हा प्रवास घरात आठ दिवस आधीच सुरू झालेला असतो. जाताना खिडकीची जागा कोणाची आणि येताना कोणाची, ह्याविषयी तह होतात व मोडतात. पाटणला गाडी किती वेळ थांबेल, कुंभार्लीच्या घाटात करवंदांचे द्रोण घेऊन बायका उभ्या असतील की नाही, गाडी लागू नये म्हणून आवळासुपारी कोणाच्या खिशात असावी, ह्यांवर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. थोरल्या बहिणीने एक कोरी वही निराळी काढून ठेवलेली असते. वाटेत जी जी चतुर वचने दिसतील, ती टिपून घ्यावयाची, असा तिचा बेत असतो. धाकट्या भावाची दृष्टी तीक्ष्ण. त्याने वाचावयाचे आणि तिने लिहावयाचे.

अशा वहीच्या पहिल्या पानाचा मान एस.टी.च्या घोषवाक्याला देणे योग्य होय. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्यास एस.टी.ची पहिली गाडी निघाली. तेव्हापासून ह्या गाडीने महाराष्ट्राची गावे एकमेकांना बांधली आहेत. ‘वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन’ हे तिचे घोषवाक्य ठाऊक नाही, असा मराठी प्रवासी विरळा. पाहीन आणि जाईन ह्यांचे यमक त्यात आहे; पण त्याची खरी गोडी ‘वाट’ ह्या शब्दात आहे. थांबणारा आणि जाणारा, दोघांनाही तो शब्द लागू पडतो. स्थानकावर तासभर ताटकळलेला प्रवासी हेच वाक्य किंचित हसून उच्चारतो, तेव्हा त्यात निष्ठा किती आणि तक्रार किती, हे सांगणे कठीण होते. ज्याची थट्टाही करता येते असे घोषवाक्य लोकांच्या मनात अधिक काळ टिकते, असे दिसते.

गाडी गाव सोडून घाटाकडे वळली, की रस्त्याच्या कडेच्या पाट्या बोलू लागतात. ‘अति घाई, संकटात नेई’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. अवघ्या चार शब्दांत कारण आणि परिणाम दोन्ही आले आहेत. ‘आवरा वेगाला, सावरा जिवाला’ ही दुसरी. आवरणे आणि सावरणे ही क्रियापदे एकाच अक्षराने वेगळी झाली आहेत, आणि पहिले केल्यावाचून दुसरे साधत नाही, हे त्यांच्या क्रमावरूनच कळते. ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’ ही तिसरी. गाडीचा ब्रेक कारागिराला तपासता येतो. मनाचा ब्रेक तपासणारा कारागीर कोठेही मिळत नाही, हे त्या पाटीने न बोलता सुचविले आहे.

ह्या पाट्या इतक्या थोडक्यात का लिहिलेल्या असतात, ह्याचे उत्तर गणित देते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे सरकते. पाटीवरील अक्षरे समजा ४४ मीटरांवरून दिसू लागली, तर ती वाचावयास चार सेकंद मिळतात. तीच गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावू लागली, की हाती दोनच सेकंद उरतात. इतक्या अवधीत चालकाने रस्ताही पाहावयाचा, समोरून येणारी वाहनेही पाहावयाची आणि उपदेशही ऐकावयाचा! म्हणून तेथे लांबलचक व्याख्यान चालत नाही. वेगाची आणखी एक खोड अशी, की तो दुप्पट झाला म्हणजे ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. जो भरधाव जातो, त्याला सावध करणारी पाटी वाचावयास वेळ थोडा मिळतो आणि थांबावयास जागा अधिक लागते. जो सावकाश जातो, त्याच्याच वाट्याला पाटीवरील विनोद पुरता येतो.

ही केवळ शब्दांची करमणूक नव्हे. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्यू पावली, अशी केंद्र शासनाच्या अहवालात नोंद आहे. ह्याचा अर्थ दररोज चारशे साठांहून अधिक. त्यांतील बहुतेक मृत्यूंच्या मागे बेफाम वेग हे कारण होते. ‘सावकाश जा’ अशी आज्ञा माणसाला नकोशी वाटते. मोठ्यांनाही ती लहान झाल्यासारखी वाटते. तीच गोष्ट हसत सांगितली, तर ऐकणाऱ्याला आपण शहाणे ठरल्यासारखे वाटते आणि त्याचा पाय आपोआप सैल पडतो. पाट्या लिहिणाऱ्यांनी मानवी स्वभाव नीट ओळखला आहे.

सरकारी पाट्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, तर दुसऱ्या प्रकारची वचने स्वतःच प्रवास करीत असतात. ती मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेली असतात. मालमोटारीचा चालक आठवडेच्या आठवडे घरापासून दूर राहतो. त्याचे घर, देव्हारा आणि ओटा सगळे त्या गाडीतच. तेव्हा तिच्या मागच्या फळीवर तो ‘आईचा आशीर्वाद’ लिहवितो, कमळे आणि मोर काढवितो, मुलांची नावे घालतो. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाशी त्याला थोडे बोलावयाचेही असते. सावकाश जाणाऱ्याची पुनःपुन्हा भेट होईल आणि घाई करणाऱ्याची हरिद्वारला, अशा आशयाचे एक हिंदी वचन उत्तरेकडून आलेल्या गाड्यांवर हटकून आढळते. अस्थिविसर्जनासाठी लोक हरिद्वारला जातात, हे ठाऊक असणारा वाचक आधी हसतो आणि मग दचकतो. मृत्यूचे नावही न घेता मृत्यूची आठवण देण्याचे हे कसब चांगल्या चांगल्या लेखकांनाही सहज साधणारे नाही.

वाईट नजरेने पाहणाऱ्याचे तोंड काळे होवो, असा शाप तर असंख्य गाड्यांवर असतो. परंतु क्वचित एखाद्या गाडीवर त्याच शब्दांना वळण देऊन, वाईट नजर असणाऱ्या, तुझेही भले होवो, असे लिहिलेले दिसते. जुन्या वचनाची ही दुरुस्ती कोणत्या चालकाला प्रथम सुचली असेल? त्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही. वहीत ही दोन वचने शेजारी शेजारी उतरवून घेतली, तर दुसऱ्याचे मोठेपण अधिक उठून दिसते.

ह्या फळीवरील प्रत्येक अक्षर हितकारकच असते, असे मात्र नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द वर्षानुवर्षे जवळजवळ प्रत्येक मालमोटारीवर होते. ते वाचून मागचा चालक कारण नसता कर्णा वाजवितो व त्यामुळे कलकलाट वाढतो, ह्या कारणाने महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते लिहिण्यास बंदी केली. तीन शब्दांचा इतका परिणाम होतो असे मानून शासनाला आदेश काढावा लागला, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

सह्याद्रीच्या घाटांना थोरले भाऊ म्हणावेत असे रस्ते हिमालयात आहेत, आणि तेथील पाट्यांचा विनोदही थोरल्या भावाला शोभेसा आहे. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना हे रस्ते बांधते व राखते. मनालीहून लेहला जाणारा रस्ता तांगलांग ला ह्या खिंडीत ५,३२८ मीटरांची उंची गाठतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई रचले, तरी खिंड वरच राहील. तेथे हवा इतकी विरळ असते, की प्राणवायू समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच मिळतो. डोके जड होते, डोळ्यांवर झापड येते. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. अशा ठिकाणी चालकाला जागे ठेवण्यास एखादा विनोद उपयोगी पडतो, हे त्या संघटनेने हेरले. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत तिने सूचना लिहविल्या, त्यांतील बहुतेक इंग्रजीत आहेत.

एका पाटीवर रस्ताच प्रवाशाला विनवितो, की माझ्या वळणांशी जरा हळुवारपणे वागा. निर्जीव रस्त्यावर येथे मनुष्याचा भाव आरोपिला आहे. मराठी व्याकरणात ह्यालाच चेतनगुणोक्ती म्हणतात. हे वचन कोणत्याही भाषेत नेले तरी त्याची खुमारी कायम राहते. दुसरी पाटी सांगते, की हा महामार्ग आहे, धावपट्टी नव्हे. ‘हायवे’ आणि ‘रनवे’ ह्यांचे इंग्रजी यमक मराठीत येताच निसटते. अर्थ तेवढा शिल्लक राहतो. तिसरी तर मराठीत आणताच येत नाही. ‘लेट’ ह्या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ उशिरा येणारा, आणि नावाच्या आधी तो लावला तर दुसरा अर्थ कैलासवासी. ‘लेट मिस्टर’ होण्यापेक्षा ‘मिस्टर लेट’ होणे बरे, असे ती पाटी म्हणते. शब्दांची जागा बदलली, की उशिरा घरी पोहोचणारा माणूस कधीच न पोहोचणारा होतो. हा श्लेष समजावून सांगावा लागला, की त्याची गंमत निम्मी होते, हेही खरे.

त्या पाट्यांजवळ हिवाळ्यात कोणी नसते. बर्फ पडले की रस्ता मिटून जातो. वसंतात यंत्रे आणि मजूर वर चढतात व बर्फाच्या भिंती कापून वाट मोकळी करतात. त्यांतील पुष्कळ मजूर झारखंड आणि बिहार ह्या सखल प्रांतांतून आलेले असतात; बर्फ पाहण्याची त्यांची पहिलीच वेळ असू शकते. उन्हाळ्यात मोटारींतून वर आलेल्या प्रवाशांना पाटीवरचा विनोद दिसतो. पाटीपलीकडे दगड फोडणारी माणसे पुष्कळांना दिसत नाहीत.

रस्त्याकडेचा विनोद ही एकट्या भारताची मिरास नाही. अमेरिकेत १९२५ साली मिनेसोटा संस्थानातील एका कंपनीने आपल्या दाढीच्या क्रीमची जाहिरात रस्त्याच्या कडेने मांडण्यास आरंभ केला. क्रीमचे नाव ‘बर्मा-शेव्ह’. एका फळीवर एक ओळ, काही अंतरावर दुसऱ्या फळीवर पुढची ओळ, अशा क्रमाने एक गमतीदार पद्य पुरे होई आणि अखेरच्या फळीवर क्रीमचे नाव येई. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटारीच्या मागच्या बाकावर बसलेली मुले पुढची फळी केव्हा येते म्हणून काचेला नाक लावून बसत आणि सगळी मिळून मोठ्याने वाचीत. पुढे ह्या पद्यांतून बेफिकीर चालकांनाही चिमटे काढले जाऊ लागले. परंतु रस्ते रुंद झाले, मोटारींचा वेग वाढला आणि कडेच्या लहान फळ्या वाचणे अवघड होत गेले. १९६३ साली ती कंपनी विकली गेली व फळ्या काढून टाकण्यात आल्या. त्यांतील काही आता संग्रहालयात आहेत. ज्या वेगाला त्या फळ्या हसत होत्या, त्याच वेगाने त्यांना मागे टाकले.

कुंभार्लीचा घाट अद्याप इतका वेगवान झालेला नाही. वळणावर गाडी मंदावते, भाऊ पाटी वाचतो, बहीण हिसक्यांमुळे वाकड्या झालेल्या अक्षरांत ती उतरविते. कोणाच्या तरी मांडीवर करवंदांचा द्रोण कलंडतो. घाट उतरताच हवा दमट व उष्ण होते, आंब्याचा वास येऊ लागतो, आणि चिपळूणच्या स्थानकावर उतरून मुले आजोळच्या अंगणात शिरतात, तेव्हा ओटीवर आजी उभी असते. सकाळपासून तिने किती वेळा रस्त्याकडे पाहिले असेल, ह्याची मोजदाद कोणी केलेली नसते. मुलांच्या तोंडावरून हात फिरवून ती पहिला प्रश्न विचारते, “घाटात गाडी सावकाश आणलीन ना रे?”

बहीण ओटीवरच बसकण मारते, पिशवीतून वही काढते आणि त्या दिवसाच्या पानावर, सर्व पाट्यांच्या खाली, आजीचे ते वाक्य लिहून ठेवते.